वहीतले दिवस मोजा, ताई

पत्र असं आहे:

"नमस्कार भाऊ. पारोळ्याला आमचं ठिबक, पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. यजमान आणि मोठा मुलगा गिऱ्हाईक बघतात, वही मी लिहिते. शेजारचा गाळा विकायला निघालाय. बँक २० लाख द्यायला तयार आहे. साहेब म्हणाले, व्याज खाली आलंय, हीच वेळ आहे. मुलाने बयाणा द्यायचं मनावर घेतलंय. जावई पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, ते रोज फोनवर मंदीचे व्हिडिओ पाठवतात आणि 'आई, एक रुपया अडकवू नका' म्हणतात. पेपरात वाचावं तर देश ८ टक्क्यांनी वाढतोय. दुकानात गिऱ्हाईक येतं, माल नेतं, पण पैसे मागितले की 'कापूस इकसू मंग देसू'. केळीवाल्यांचं तर विचारूच नका, या हिवाळ्यात भावच नाही. मी दहावी शिकलेली बाई. मंदी येतेय की नाही हे कोणत्या आकड्यावरून ओळखायचं? आणि गाळा घ्यावा का?"

ताई, आधी उत्तर देतो, कारण तिकडे बयाण्याची घाई चालली असेल. बयाणा आत्ता देऊ नका. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, थांबा. जागेची फारच अडचण असेल तर तोच गाळा अकरा महिन्यांच्या भाड्याने मागून बघा. देशात मंदी येणार आहे म्हणून मी हे सांगत नाही. आज जानेवारी २०२६ मध्ये मंदी दारात उभी आहे असं एकही मोठा आकडा म्हणत नाही. मी थांबायला सांगतोय ते तुमच्या पत्रातल्या 'कापूस इकसू मंग देसू' या एका वाक्यामुळे.

आता आकड्यांकडे येऊ. जावईबापूंचा आकडा खरा आहे, पेपरातलाही खरा आहे, बँकेच्या साहेबांचाही खरा आहे. फक्त प्रत्येकाचा आकडा वेगळ्या घराचा आहे.

मंदी हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. दुकानात चार दिवस गिऱ्हाईक कमी झालं तरी आपण 'मंदी आहे' म्हणतो. अर्थशास्त्रात मात्र देशाचं एकूण उत्पादन, म्हणजे जीडीपी, लागोपाठ दोन तिमाही घटलं तर ढोबळमानाने मंदी म्हणतात. वाढीचा वेग कमी झाला, ८ वरून ५ वर आला, तर ती मंदी नाही, तो मंदावलेपणा. ५ टक्क्यांनी वाढणं आणि ५ टक्क्यांनी घटणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि फोनवरचे व्हिडिओ नेमका हाच फरक गिळून टाकतात. आपल्याकडे खरीखुरी मंदी नजीकच्या काळात एकदाच आली. एप्रिल ते जून २०२० मध्ये जीडीपी २३.९ टक्क्यांनी घटल्याचं पहिल्यांदा जाहीर झालं, पुढच्या तिमाहीत ७.५ टक्क्यांनी. स्वातंत्र्यानंतर पूर्ण वर्षाचं उत्पादन घटलं अशी वर्षं मोजकीच आहेत: १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८० आणि मग थेट २०२०-२१. शेवटचं वर्ष कोरोनाचं. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत पावसाने डोळे वटारले होते. बहात्तरचा दुष्काळ तुमच्या सासूबाईंना विचारा. दिल्लीतल्या अर्थतज्ज्ञांना जे आकड्यात दिसलं, ते सासूबाईंनी खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगेत पाहिलं असेल.

पण पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २०२०-२१ मध्ये देश घटला तेव्हा शेती घटली नव्हती, वाढली होती. आणि उलटही घडलंय. २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी देशात सरासरीच्या ८८ आणि ८६ टक्केच पाऊस झाला. तरी २०१५-१६ मध्ये जीडीपी ८ टक्क्यांनी वाढल्याचं सरकारी आकडे सांगतात. ते खोटे नाहीत. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा, पण कामावर असलेल्या शंभर माणसांपैकी ४६ शेतीत. बाकीचे चार हिस्से धावत असले की पाचवा लंगडला तरी सरासरी चालती दिसते. तुमचं सगळं गिऱ्हाईक त्या पाचव्या हिश्श्यातलं आहे, ताई.

तुम्हाला हे केळीवरून लगेच कळेल. रावेर-सावद्याकडे रोज भाव जाहीर होतो, सगळ्यांचे डोळे बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे असतात. पण जाहीर झालेला भाव वेगळा आणि बागेत कटाईला आलेला व्यापारी हातात ठेवतो तो वेगळा. जीडीपी हा बोर्डावरचा भाव आहे. बाजार कोणत्या बाजूला वळलाय ते त्यावरून कळतं. तुमच्या गिऱ्हाइकाच्या हातात काय पडलं ते त्यावरून कळत नाही.

पेपरातल्या ८ टक्क्यांत आणखी एक पेच आहे, आणि दुकानदाराने तो समजून घेतलाच पाहिजे. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीची वाढ ८.२ टक्के जाहीर झाली. ही वाढ महागाई वजा करून काढलेली, म्हणजे मालाची वाढ. रुपयातली वाढ होती ८.७ टक्के. सगळ्या वर्षाचा पहिला अंदाज ७ जानेवारीला आला, त्यात मालातली वाढ ७.४ आणि रुपयातली ८. दोन्हींमधलं अंतर एरवी तीन-चार टक्क्यांचं असतं, ते या वेळी अर्ध्या टक्क्यावर आलं. कारण भाव वाढलेच नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई अवघी ०.२५ टक्के होती आणि खाद्यपदार्थ तर वर्षापूर्वीपेक्षा ५ टक्क्यांनी स्वस्त होते. पुण्या-मुंबईच्या गृहिणीला ही चांगली बातमी. पण खाद्यपदार्थ स्वस्त म्हणजे कुणाचा तरी माल स्वस्त गेला, आणि तो 'कुणीतरी' तुमच्या वहीत आहे.

दुकानात हे असं दिसतं. समजा गेल्या वर्षी तुम्ही एका मापाचे १,००० पाइप ५०० रुपयांनी विकले. ५ लाखांची विक्री झाली. यंदा १,०५० विकले, पण भाव उतरून ४६० झाला. विक्री ४ लाख ८३ हजार. मालात ५ टक्के वाढ, रुपयात साडेतीन टक्के घट. मुलगा गोडाऊनमध्ये बघून म्हणेल, धंदा वाढला. तुम्ही वही बघून म्हणाल, गल्ला कमी झाला. दोघंही बरोबर. पण बँकेचा हप्ता पाइपात भरता येत नाही, रुपयातच भरावा लागतो. म्हणून कर्ज काढणाऱ्याने रुपयातला आकडा बघावा.

मोठ्या आकड्यांपैकी आणखी दोन-तीन तुमच्या नजरेस पडतील. कारखान्यांच्या उत्पादनाचा निर्देशांक दर महिन्याला येतो. ऑक्टोबर २०२५ ला तो वर्षापूर्वीपेक्षा फक्त ०.४ टक्क्यांनी वाढला, आणि त्या आठवड्यात 'उद्योग थंडावले' अशा बातम्या झळकल्या. पुढच्याच महिन्यात वाढ ६.७ टक्के. एका महिन्यात कारखाने मेले आणि जिवंत झाले असं काही नसतं. यंदा दसरा आणि दिवाळी दोन्ही ऑक्टोबरात आले, कामाचे दिवस कमी पडले, एवढंच. आपल्या दुकानातही पोळ्याचा महिना मागेपुढे झाला की विक्रीची तुलना बिघडते, तसंच हे. जीएसटीचं तेच. नोव्हेंबरचं संकलन सुमारे १ लाख ७० हजार कोटी झालं, वर्षापूर्वीपेक्षा वाढ एक टक्काही नाही. पण २२ सप्टेंबरपासून दरच उतरलेत. ठिबकवरचा जीएसटी १२ वरून ५ झाला तो तुमच्याच बिलात आहे, ट्रॅक्टरचंही तसंच. दर उतरला की तेवढ्याच विक्रीवर कर कमी जमा होणार. डिसेंबरला वाढ परत ६ टक्क्यांवर गेली. म्हणून कोणताही महिन्याचा आकडा एकट्याने वाचू नका, तीन महिने शेजारी-शेजारी मांडा.

आणि तळाचा पायाही बघायचा. २०२१ च्या एप्रिल-जून तिमाहीत जीडीपी २०.१ टक्क्यांनी वाढला तेव्हा केवढा गाजावाजा झाला! गणित मात्र साधं आहे. कोरोनाआधी १०० होते, ते ७६ च्या आसपास आले. त्यावर २० टक्के वाढ म्हणजे ९१. वीस टक्के वाढूनही जुन्या शंभराला नऊ कमीच. उद्या केळीचा भाव दुप्पट झाल्याची बातमी आली तर आधी विचारा, कशाच्या दुप्पट?

खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक, ज्याला पीएमआय म्हणतात, तोही बातम्यांत येतो. ५० च्या वर असला तर वाढ, खाली असला तर घट. सुमारे ४०० कारखान्यांना विचारून तो काढतात. मोठ्या उद्योगांची नाडी लवकर कळते खरी, पण पारोळ्याच्या उधारीचा त्यात मागमूस नसतो. तो सोडून द्या.

आता जावईबापू. त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्या कंपनीचं गिऱ्हाईक बहुधा अमेरिकेतलं, त्यामुळे त्यांच्या घराला अमेरिकेची हवा लागते. त्यांच्या घरासाठी ते व्हिडिओ अगदीच गैरलागू नाहीत. पण तिकडच्या भाकितांचीही गेल्या काही वर्षांत फजिती झालीये, हे त्यांना प्रेमाने सांगा. तिथे दोन वर्षांच्या सरकारी रोख्यावरचं व्याज दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त झालं की मंदी येते, असा जुना ठोकताळा आहे. २०२२ मध्ये तसं झालं आणि दोन वर्षांहून जास्त काळ तसंच राहिलं. मंदी आली नाही. २०२२ मध्ये तिथला जीडीपी लागोपाठ दोन तिमाही घटल्याचं आधी जाहीर झालं, तरी तिथे मंदी ठरवणाऱ्या संस्थेने, नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चने, ती मंदी मानली नाही. आणि मंदी खरी आली तेव्हा? डिसेंबर २००७ पासून मंदी सुरू झाली होती, हे त्याच संस्थेने जाहीर केलं १ डिसेंबर २००८ ला. तब्बल एक वर्षाने. तोवर लोकांची घरं गेली होती, बँका बुडाल्या होत्या. आपला जीडीपीही तिमाही संपल्यावर दोन महिन्यांनी येतो आणि पुढे सुधारला जातो. आता तर पायाभूत वर्षच, म्हणजे ज्या वर्षाच्या भावांनी माल मोजायचा ते वर्ष, २०११-१२ वरून २०२२-२३ वर नेलं जातंय, म्हणजे मागचे आकडेही हलतील. मोठा आकडा हा पाऊस पडून गेल्यावर मोजलेला पाऊस असतो.

बँकेच्या साहेबांचं म्हणणंही तपासू. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.२५ वर आणला, हे खरंच. सव्वा टक्का मोठी कपात आहे. पण तुमच्या हप्त्यात त्याचं काय होतं? २० लाख, सात वर्षं, पावणेअकरा टक्के व्याज असतं तर हप्ता सुमारे ३४,००० रुपये. ती सव्वा टक्क्याची कपात पूर्णच्या पूर्ण तुम्हाला मिळाली असं धरलं, व्याज साडेनऊ झालं, तर हप्ता सुमारे ३२,७००. महिन्याला १,३०० रुपये वाचले.

आता वहीकडे या. समजा तुमचा रोज सरासरी १०,००० रुपयांचा माल उधारीवर जातो. पूर्वी पैसे ६० दिवसांत येत होते, म्हणजे कायम ६ लाख रुपये लोकांकडे. आता ११० दिवसांत येतात, म्हणजे ११ लाख. जास्तीचे ५ लाख अडकले. ते तुम्ही कॅश क्रेडिटमधून भरून काढता, साडेदहा टक्क्यांनी धरलं तर वर्षाला ५२,५०० रुपये व्याज, महिन्याला जवळजवळ ४,४००. एकीकडे १,३०० वाचले, दुसरीकडे ४,४०० गेले. साहेबांनी तुम्हाला पहिली बाजू सांगितली. दुसरी बाजू त्यांच्याकडे नाही, ती तुमच्या वहीत आहे.

हे मी एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. बँकेत मी कर्ज विभागात होतो. २०११ च्या सुरुवातीला कापसाने क्विंटलला सात हजारांच्या आसपास भाव दाखवला होता. जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगा, दसऱ्याला घेतलेली नवी मोटारसायकल दारोदार, देश ८-९ टक्क्यांनी वाढतोय अशा बातम्या. तुमच्यासारख्याच एका दुकानाचं वाढीव कर्ज मी मंजुरीला पाठवलं. शिफारशीच्या टिपणात देशाच्या विकासदराचा दाखला दिला. पुढच्या हंगामात कापूस चार हजारांच्या आसपास आला. त्या दुकानाची उधारी चार महिन्यांवरून नऊ महिन्यांवर गेली. माल भरपूर, गिऱ्हाईक भरपूर, पैसा कुठेच नाही. दोन वर्षांनी दुकानाला कुलूप लागलं. त्या दुकानातल्या बाईंनी वही आणून माझ्या टेबलावर ठेवली होती. मंजुरीच्या आधीच्या सहा महिन्यांतच जमेच्या तारखा लांबत चालल्या होत्या. प्रत्येक नावापुढे ते स्पष्ट दिसत होतं. मी ती वही कर्ज देण्याआधी मागितलीच नव्हती. ताळेबंद मागितला, नफा बघितला, देशाचा विकासदर लिहिला. ते पान मी अजून विसरलेलो नाही, आणि तुम्ही 'वही मी लिहिते' असं लिहिलंत तेव्हा मला तेच पान आठवलं.

यंदाचा कापूस बघा. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१०. कागदावर गेल्या वर्षापेक्षा ५८९ रुपये जास्त. पण परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत माफ होतं, म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळी बाहेरचा स्वस्त पडला. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल घेत नाहीत, ८ च्या वर असला तरी कपात होते. मग ज्याला दुसऱ्या दिवशी मजुरी द्यायचीय तो खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या, काट्यावर कमी भावात घालतो. तुमचं जे गिऱ्हाईक 'कापूस इकसू' म्हणतंय, त्याने कुठे विकला हे विचारत चला. केंद्रावर विकला असेल तर पैसे खात्यात येईपर्यंत थांबायला हरकत नाही. खेडा खरेदीत विकूनही दिले नसतील तर त्याच्याकडे उरलेच नाहीत असं समजा.

तुम्ही विचारलंत, मंदी कशावरून ओळखू. खान्देशापुरतं सांगायचं तर मी या जागा बघतो.

सराफ बाजार. जळगावला गेलात की ओळखीच्या पेढीवर दहा मिनिटं बसा. नवं घ्यायला येणारे किती आणि मोड, म्हणजे जुनं सोनं, घेऊन येणारे किती, एवढंच मोजा. भाव वाढला की मोड थोडी वाढतेच, त्याने घाबरू नका. पण लग्नसराईच्या तोंडावर बाई एकटी येते, रुमालात बांधलेल्या बांगड्या काढते, आणि बदल्यात दुसरा दागिना न घेता रोख मागते, तेव्हा तिच्या घरात काहीतरी अडलंय. सोनेतारणाचंही बघा. देशभरात बँकांचं सोनेतारण कर्ज २०२५ मध्ये वर्षभरात दुपटीहून वाढलं. त्यात काही वाटा सोन्याच्या वाढलेल्या भावाचा, काही बँकांनी शेतीकर्जाच्या खात्यातलं तारण वेगळं दाखवायला लागल्याचा, म्हणून तो आकडा जसाच्या तसा अडचणीचा पुरावा मानू नये. पेरणीच्या तोंडावर आपल्याकडे सोनं तारण ठेवतातच, कापूस आला की सोडवतात. जानेवारीतही सुटलं नाही तर मात्र दखल घ्या.

सुरत. उधना-लिंबायतला आपली किती माणसं आहेत! अमळनेर, नंदुरबार, धुळ्यातल्या कितीतरी घरांची चूल सुरतेच्या लूमवर आणि हिऱ्याच्या घंटीवर चालते. तिकडचं काम मंदावलं की जीडीपीच्या आधी ताप्ती लाइनच्या गाडीला कळतं. सण नसताना पोरं घरी आली आणि पंधरा दिवस झाले तरी परतीचं नाव नाही, असं चार घरांत दिसलं तर त्या गावची उधारी सांभाळून द्या.

आणि आखाजी. मी तुम्हाला नेमकं तोवर थांबायला का सांगतोय, तर सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुरांचं, वर्ष आखाजीला बदलतं. सालदारकीचा आकडा ठरवताना शेतकरी पुढच्या पूर्ण वर्षाचा अंदाज बांधत असतो, आणि तोही स्वतःच्या पैशाने. गेल्या वर्षीपेक्षा जास्त देऊन माणूस पक्का केला, तर त्याला पुढे काम दिसतंय. 'यंदा सालदार नको, रोजंदारीवर भागवू' असं बरेच जण म्हणायला लागले, तर ते बागेचं क्षेत्र कमी करणार आहेत. कमी बाग म्हणजे कमी ठिबक. तुमच्या दुकानापुरता याहून पुढचं बघणारा आकडा दिल्लीत कुणी काढत नाही.

केळीच्या मृगबाग आणि कांदेबाग लागवडीची रोपं नर्सरीत किती बुक झाली, तेही विचारून ठेवा. फोन करून कळतं.

आता कामाचं. आजपासून वहीत एवढं करा. प्रत्येक उधारीच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहा, 'के' म्हणजे केळी, 'का' म्हणजे कापूस, 'दू' म्हणजे दूध, 'नो' म्हणजे घरात नोकरीचा पगार येतो. मग जानेवारीअखेर सगळं येणं एकत्र मोजा. गेल्या तीन महिन्यांत उधारीवर गेलेल्या मालाची बेरीज करा, तिला ९० ने भागा, रोजची उधार विक्री निघेल. येणं तिने भागा. जे येईल ते तुमचे दिवस. गेल्या वर्षीच्या जानेवारीचं पान काढून तसंच करा. मागच्या महिन्याशी तुलना करू नका, मागच्या जानेवारीशी करा, कारण आपला धंदा हंगामाचा. मग हेच 'के' आणि 'का' साठी वेगवेगळं काढा. माझा अंदाज असा की 'दू' आणि 'नो' जागच्या जागी असतील आणि 'के' ने उडी मारली असेल. तसं असेल तर सगळ्यांची उधारी आवळायची गरज नाही. केळीवाल्याला नवीन माल देताना निम्मी रोख मागा आणि दूधवाल्याला पूर्वीसारखाच माल द्या. सगळ्यांना एकाच मापाने तोललंत तर चांगलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल.

गाळ्यासाठी आखाजीला परत हिशेब करा. दिवस ७५ च्या आत आले असतील, सालदारांचे आकडे चढते असतील, आणि तिसरी गोष्ट जुळत असेल तरच पुढे जा. तिसरी गोष्ट अशी: गेल्या दोन वर्षांतला सगळ्यात पडका महिना काढा. त्या महिन्यात घरखर्च, नोकराचा पगार, लाइटबिल जाऊन ३२,७०० रुपये उरले असते का? उरले नसते, तर सहा हप्त्यांचे, म्हणजे सुमारे दोन लाख, आधी मुदत ठेवीत बाजूला काढा. तेही जमत नसेल तर गाळा स्वस्त असला तरी तुमचा नाही.

मुलाला नाराज करून हे करू नका. त्याला वाढायचंय, आणि वाढायची इच्छा असलेला मुलगा दुकानात उभा आहे ही तुमच्या घरातली जमेची बाजू आहे. त्यालाच गेल्या जानेवारीचं पान काढायला सांगा, दिवस त्याच्याच हाताने काढू द्या. जावईबापूंना फोनवर 'के' आणि 'का' चे आकडे पाठवा, ते कॉम्प्युटरवर तक्ता करून देतील आणि व्हिडिओ पाठवणं जरा कमी होईल. मालकाला भाड्याचं विचारायला यजमानांना पाठवा.

आखाजी झाली की मला एक पोस्टकार्ड टाका. दोनच आकडे लिहा, यंदाचे दिवस आणि गेल्या वर्षीचे.